जलरंगांच्या प्रिंट्स विकायच्या आहेत: डाय शाई घ्यावी की पिगमेंट?

कोकणरंग
९ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी मालवणची. गेली अकरा वर्षं जलरंगात कोकण रंगवते आहे. होड्या, माडाच्या वाड्या, पावसात भिजलेली कौलं. मूळ चित्र घेणं सगळ्यांना परवडत नाही, म्हणून दोन वर्षांपूर्वी प्रिंट्स काढायला सुरुवात केली. इथल्याच एका फोटो स्टुडिओत सहा बाटल्यांचा टँकवाला प्रिंटर आहे. तिथून चकचकीत फोटो कागदावर १३ बाय १९ इंची प्रिंट काढून आणते, खाली सही करते, नंबर घालते.

गेल्या आठवड्यात डोंबिवलीहून एका काकूंचा फोन आला. "अगं, तुझा समुद्र तांबडा झाला." मला वाटलं मोबाइलच्या कॅमेऱ्यामुळे तसं दिसत असेल. त्यांनी फोटो पाठवला तर खरंच तसं होतं. चिवल्याच्या किनाऱ्याचं चित्र, निळं-हिरवं पाणी होतं ते, आता कोऱ्या चहासारखं दिसतंय. वाळू मात्र जवळजवळ होती तशी. काकूंनी ते काच न लावता, दोन चिमट्यांनी गॅलरीतल्या भिंतीवर लावलं होतं. चौदा महिने झाले असतील. पैसे परत केले, पण तेवढ्याने मन स्वस्थ होत नाही. अशा चाळीसएक प्रिंट्स लोकांच्या घरी आहेत, माझ्या सहीनिशी.

आता स्वतःचा प्रिंटर घ्यायचा विचार आहे. एक दुकानदार सांगतो डाय घ्या, रंग खुलतात, शाई स्वस्त. दुसरा सांगतो पिगमेंटच घ्या. स्टुडिओवाले दादा म्हणतात पिगमेंटचे रंग मेलेले दिसतात आणि हेड, म्हणजे शाई फवारणारा भाग, चोंदतं. कुणाचं ऐकू? ज्यांनी दोन्ही वापरलंय त्यांनी कृपया लिहा.

टाकदौत
९ जून, रात्री ११:१५

ताई, पुण्यात माझा छोटा प्रिंट स्टुडिओ आहे. चौदा वर्षं चित्रकारांच्या आणि फोटोग्राफरांच्या प्रिंट्स काढतोय, दोन्ही शायांवर. सविस्तर लिहितो.

हळद आणि गेरू डोळ्यांपुढे आणा. हळदीत पंचा बुडवला की पिवळाधमक होतो, रंग धाग्यात शिरतो. तोच पंचा चार दिवस कडक उन्हात टाकला की पिवळा उडालाच. गेरू पाण्यात विरघळत नाही, ठेवला की तळाशी बसतो. ढवळून भिंतीला लावला की भिंतीवर कणांचा थर राहतो आणि वर्षानुवर्षं तांबडाच राहतो. अजिंठ्यात तांबडी-पिवळी माती, काजळी, हिरवी माती, बाहेरून आणलेला लाजवर्द हे सगळे कणांचेच रंग. पंधराशे वर्षांनंतरही आपण ते बघतोय. लेण्यांतला अंधारही त्यांच्या मदतीला आला, हे विसरायचं नाही. पुढे त्याचा संबंध येईल.

डाय शाई हळदीच्या कुळातली. रंग पाण्यात साखरेसारखा विरघळलेला, कागदाच्या वरच्या लेपात मुरतो. पिगमेंट शाई गेरूच्या कुळातली. त्यात घन कण तरंगत असतात. साधारण १०० नॅनोमीटरचे, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये दहा हजार ओळीने बसतील इतके बारीक, आणि बऱ्याच शायांमध्ये प्रत्येक कणाभोवती राळेचं पातळ आवरण. पाणी उडून गेलं की कण कागदावर बसतात आणि राळ त्यांना धरून ठेवते.

काकूंच्या गॅलरीत नुसत्या उन्हाने नाही, हवेनेही काम केलंय. निळा गेला आणि बाकीचे राहिले, म्हणून समुद्र तांबडा. आजचे फोटो कागद पटकन वाळावेत म्हणून त्यांच्या लेपात अतिसूक्ष्म छिद्रं ठेवलेली असतात. शाई झटकन आत जाते, पण मागून हवाही जाते, आणि हवेतला ओझोन निळसर डायला सगळ्यात आधी खातो. प्रिंट काचेआड असती तर हे खूप सावकाश झालं असतं.

ज्याच्यावर सही करून पैसे घेणार त्याला पिगमेंट, सुती कागदावर. माझ्यापुरता मी हा प्रश्न कधीच मिटवला आहे.

पिंपळपान
१० जून, सकाळी ७:०५

कोल्हापूरहून. मी लग्नाचे फोटो काढतो. टाकदौतदादांशी बऱ्याच अंशी सहमत, पण डायच्या बाजूने कुणीतरी बोलायला हवं.

चकचकीत कागदावर डायची जी खोली मिळते ती पिगमेंटला अजूनही जड जाते. पैठणीचा जांभळा आणि त्यावरची जर डायवर बघा. शाई लेपाच्या आत गेलेली असते, त्यामुळे वरचा पृष्ठभाग एकसारखा गुळगुळीत राहतो. पिगमेंटचे कण वर बसतात. चकचकीत कागद तिरका धरला की काळ्या भागावर तांब्यासारखी झाक मारते, आणि पांढऱ्या भागाची चमक वेगळी, रंगीत भागाची वेगळी. नवीन यंत्रांत यावर पारदर्शक लेप मारायची सोय असते. कॅननच्या प्रो-१००० मध्ये बारा टाक्यांपैकी एक त्यासाठीच आहे. पण ती शाईही विकतच घ्यावी लागते.

माझे अल्बम कपाटात राहतात, वर्षातून दोनदा उघडतात. एपसनच्या सहा रंगांच्या एल १८०० वर काढलेले आठ वर्षांपूर्वीचे अल्बम आजही छान आहेत. ७० मिलीच्या बाटल्या, खर्च हाताबाहेर जात नाही. माझ्या धंद्याला डायच योग्य आहे आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. ताईंच्या प्रिंट्स भिंतीवर जाणार आहेत, ती गोष्ट वेगळी.

टाकदौत
१० जून, सकाळी ८:२०

पटलं. अल्बमला मीही डायच सुचवतो. मुद्दा भिंतीचा आहे.

कोकणरंग
१० जून, दुपारी १:३०

दोघांचे आभार. हळद-गेरू वाचून लख्ख प्रकाश पडला. पण एक शंका राहिली. स्टुडिओतल्या कागदाच्या पाकिटावर "१०० वर्षं" असं लिहिलेलं असतं. मग चौदा महिन्यांत असं कसं झालं?

उंबरठा
१० जून, सायंकाळी ६:५०

मी रंगद्रव्यं बनवणाऱ्या कारखान्यात प्रयोगशाळेत होतो, आता निवृत्त आहे. हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा.

पाकिटावरची वर्षं वाचताना तीन गोष्टी विचारायच्या: कुठे ठेवल्यावर, किती उजेडात, कुठल्या कागदावर. कॅननची क्रोमालाइफ १०० ही डाय शाई २००५ च्या सुमारास आली तेव्हा कंपनीनेच तीन आकडे दिले होते. अल्बममध्ये १०० वर्षं, उजेडात ३० वर्षं, आणि उघड्यावर हवेतल्या वायूंपुढे १० वर्षं. नावात गेला तो पहिला आकडा. आणि हे सगळं त्या कंपनीची शाई त्याच कंपनीच्या कागदावर असताना. शाई एकाची आणि कागद बाजारातला दुसऱ्याचा, असं झालं की तिन्ही आकडे गळून पडतात.

उजेडाच्या चाचणीतही मेख असते. हेन्री विल्हेल्म यांची संस्था भिंतीवरच्या प्रिंटसाठी ४५० लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप) उजेड रोज १२ तास असं गृहीत धरते. कोडॅक एके काळी १२० लक्स धरायची. गुणाकार करून बघा. पहिल्या हिशेबात वर्षाला १९ लाख ७१ हजार लक्स-तास होतात, दुसऱ्यात ५ लाख २५ हजार ६००. म्हणजे तीच प्रिंट, तेवढीच फिकी होणार, पण एका हिशेबात २० वर्षं टिकणारी वस्तू दुसऱ्यात ७५ वर्षं टिकते असं छापता येतं. खोटं कुणीच बोललेलं नसतं.

आता पिगमेंट का टिकतं ते सांगतो. डायमध्ये प्रत्येक रेणू सुटा असतो. उजेडाचा आणि ओझोनचा घाव प्रत्येकाला थेट बसतो. पिगमेंटच्या एका कणात असंख्य रेणू एकमेकांना चिकटून बसलेले असतात. बाहेरचे मेले तरी आतले शाबूत. वर राळेचं कवच. ताई, तुम्ही चित्रकार आहात म्हणून तुमच्या भाषेत सांगतो. या शायांतला निळा बहुधा थॅलोसायनिन, किरमिजी क्विनॅक्रिडोन आणि काळा म्हणजे काजळी. तुमच्या चांगल्या जलरंगांच्या ट्यूबवर बारीक अक्षरांत पीबी १५, पीआर १२२, पीव्ही १९ लिहिलेलं असतं, तेच कुळ. बऱ्याच संचांत सगळ्यात दुबळा रंग पिवळा असायचा, पुढे कंपन्यांनी त्यावर काम करून तो सुधारला.

पिगमेंट म्हटलं की अमर असंही समजू नका. अलिझरिन क्रिमझन चित्रकारांना चांगलाच माहीत, तो विटतोच. पण माझ्या आजोळच्या देवघरात रविवर्म्यांच्या छापखान्यातली लक्ष्मी होती. तो छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे मळवलीला गेला. दगडावरून छापलेली, तेलात खललेल्या रंगद्रव्यांची शाई. समईच्या काजळीने कडा काळ्या झाल्या होत्या, आजी दर दिवाळीला कोरड्या फडक्याने पुसायची. कडेची काजळी निघाली की आतलं लाल लुगडं आम्हा मुलांना नवं वाटायचं.

नोझलचेक
११ जून, रात्री १२:१०

लॅमिंग्टन रोडला प्रिंटर दुरुस्ती करतो. हेड चोंदण्याबद्दल लिहितो, कारण माझ्या बाकावर रोज तेच येतं.

पिगमेंट जास्त चोंदतं हे खरं आहे. कण आहेत, ते बसणार. पण निम्म्याहून जास्त हेड शाईने नाही, सवयीने मरतात. लोक प्रिंटर त्याच्या बटणाने बंद करत नाहीत, थेट भिंतीवरचा स्विच मारतात. बटण दाबलं की हेड उजव्या कोपऱ्यात जाऊन रबराच्या टोपीवर बसतं, तोंड झाकलं जातं. मधेच वीज तोडली तर हेड उघडंच राहतं आणि दोन दिवसांत तोंडावर खपली धरते. तुमच्याकडे पावसात वीज जाते, तेव्हा छोटा यूपीएस घ्याच.

आठवड्यातून एक तरी रंगीत पान काढायचं, सगळे रंग येतील असं. नोझल चेकमध्ये, म्हणजे हेडची बारीक छिद्रं तपासायच्या पानावर, रेघ तुटलेली दिसली तर एकदा क्लीनिंग. नाही सुधारलं तर रात्रभर थांबा, सकाळी पुन्हा. एकामागून एक सहा क्लीनिंग मारू नका. शाई सगळी वेस्ट पॅडमध्ये, म्हणजे वाया गेलेली शाई शोषणाऱ्या गादीत, जाते आणि हेड गरम होतं ते वेगळंच.

एपसन आणि कॅननमध्ये मोठा फरक आहे. कॅननचं हेड उष्णतेवर चालतं, एखादं नोझल गेलं तर यंत्र शेजारच्याकडून काम करून घेतं, आणि हेड संपलं की आपणच बदलू शकतो. एपसनचं हेड दाबावर चालतं, आयुष्य लांब, पण गेलं की खर्च मोठा. सांभाळणारा माणूस असेल तर दोन्ही चांगली.

हात जोडून एक विनंती. डायच्या टँक प्रिंटरमध्ये बाहेरची पिगमेंट शाई ओतू नका. स्वस्तात पिगमेंट मिळतं म्हणून बरेच जण करतात. प्रिंटर निघतो, रंग मात्र प्रोफाइल (त्या शाई-कागदासाठीची रंग जुळवणारी फाइल) नसल्याने भलतेच येतात, आणि सहा-आठ महिन्यांनी तो माझ्याकडे येतो. तेव्हा डॅम्पर, म्हणजे हेडला शाई पुरवणारी छोटी डबी, उघडला की आत चिखल असतो.

अबोली
११ जून, सकाळी १०:४५

नागपूरहून, मीही चित्रकार. आमच्याकडे उलट त्रास. मे महिन्यात हवा इतकी कोरडी की पिगमेंटचं हेड आठ दिवसांतच कुरकुर करतं. मी प्रिंटरच्या खोलीत पाण्याची पसरट परात ठेवते आणि रात्री प्रिंटरवर सुती चादर घालते. फरक पडतो. मालवणात तुम्हाला हा त्रास कमी होईल, पण ओलाव्याचा होईल.

आणि स्टुडिओवाल्यांचं "मेलेले रंग" पूर्ण चूक नाही. मॅट सुती कागदावर काळा तितका काळा येत नाही. चकचकीत कागदावरचा काळा डोळ्यांना विहिरीसारखा वाटतो, मॅटवरचा पाटीसारखा. पण आपल्या जलरंगांत विहिरीसारखा काळा असतो कुठे? मूळ चित्रच मॅट, दाणेदार कागदावर असतं. मी जेव्हा पहिल्यांदा सुती कागदावर पिगमेंटची प्रिंट काढली आणि मूळ चित्राशेजारी ठेवली, तेव्हा बोट लावून बघावं लागलं कुठलं खरं ते.

कोकणरंग
११ जून, रात्री ९:००

अबोली, तुझं वाचून हुरूप आला. ओलाव्याचं मात्र कुणी नीट सांगाल का? आमच्याकडे जुलैत पापड डब्यातसुद्धा मऊ पडतात.

टाकदौत
११ जून, रात्री १०:३०

डायचा हा दुसरा दुबळेपणा आहे आणि कोकणात तो उजेडाइतकाच महत्त्वाचा. डाय कागदात मुरली तरी पूर्ण स्थिर होत नाही. हवेत दमटपणा ८० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिला की रंग कागदातल्या कागदात सरकतात. आधी बारीक रेषांच्या कडा जातात. काळ्या रेषेतला किरमिजी बाहेर डोकावतो. अख्खी प्रिंट एक प्रकारे गरम दिसायला लागते. हे अंधारात, कपाटातही होतं. म्हणून पिंपळपान यांचे अल्बम कोल्हापुरात टिकले तसे मालवणात टिकतीलच असं मी म्हणणार नाही.

पिगमेंटचे कण सरकत नाहीत. पाण्याचा थेंब पडला तरी बहुतेकदा फक्त कागद फुगतो. त्याचा शत्रू वेगळा: घासणं. मॅट कागदावरच्या गडद भागावर नख लागलं की पांढरट ओरखडा. मी प्रिंट कधीच प्रिंटवर ठेवत नाही, मध्ये आम्लरहित बटर पेपर. विकताना वरून संरक्षक स्प्रेचे दोन-तीन हलके हात.

कागदाबद्दल. शंभर टक्के सुती कागद घ्या, हानेम्यूलेचा फोटो रॅग ३०८ ग्रॅमचा बहुतेक सगळे वापरतात, जलरंगाला मला त्यांचा जर्मन एचिंग जास्त आवडतो, तो सुती नाही, शुद्ध सेल्युलोजचा आहे, पण दाणा ठसठशीत आहे. कागद पारखायला अतिनील टॉर्च ठेवा, नोटा तपासतात तो. अंधारात टॉर्च मारल्यावर कागद निळा चमकला तर त्यात चकाकी आणणारी रसायनं आहेत. ती उजेडात काही वर्षांत थकतात आणि कागद पिवळट पडतो. मग शाई शाबूत असूनही आभाळ मळकं दिसतं. तुमच्या चित्रांत कोरा कागद म्हणजेच ढग, हे लक्षात ठेवा.

काळी शाई दोन प्रकारची असते, फोटो ब्लॅक आणि मॅट ब्लॅक. चकचकीत आणि बराइटा (जुन्या फोटोंसारख्या हलक्या चमकेच्या) कागदाला पहिली, सुती मॅटला दुसरी. मॅट ब्लॅक चकचकीत कागदावर बसतच नाही, बोटाला लागते. जुन्या एपसन यंत्रांत एकीवरून दुसरीवर जाताना नळ्या धुवाव्या लागायच्या आणि शाई वाया जायची. २०२० च्या पी ७०० आणि पी ९०० पासून दोघींना स्वतंत्र नोझल आहेत. जुनं यंत्र स्वस्तात मिळत असेल तर आधी हे विचारा.

रानजाई
१२ जून, सकाळी ९:१५

पुण्याच्या हातकागद संस्थेतले कागद मला फार आवडतात. त्यावर प्रिंट निघेल का? परदेशी कागदापेक्षा आपला बरा असं मनापासून वाटतं.

टाकदौत
१२ जून, दुपारी २:००

मलाही वाटतं, आणि मी करून पाहिलंय. साध्या हातकागदावर शाई अडवणारा लेप नसतो, त्यामुळे डाय पसरते, टीपकागदासारखी. पिगमेंट थोडी बरी वागते पण रंग खोल जाऊन फिका पडतो. इंकजेटसाठी मिळणारा पातळ पारदर्शक लेप आधी ब्रशने दोन हात दिला, रात्रभर वजनाखाली सपाट केला, की छान निघते. मात्र जाडी सारखी नसते, कडेचे तंतू हेडला लागतात. हेड वर घेण्याची सोय असलेलं यंत्र हवं. पाच-दहा खास प्रतींसाठी करा, रोजच्या कामाला नको.

सातासमुद्रापार
१२ जून, रात्री ११:५५

टोरांटोहून. इथे फ्रेमिंगच्या कामात आहे. थोडा इतिहास सांगतो, कारण तुमच्या काकूंसारखं याआधी फार मोठ्या प्रमाणावर होऊन गेलंय.

इंकजेटवर कलेच्या प्रती काढण्याची सुरुवातच डायने झाली. आयरिस नावाचं यंत्र होतं, छपाईआधी नमुना बघण्यासाठी बनवलेलं. नमुना दोन दिवस टिकला तरी पुरे, म्हणून शाईच्या आयुष्याचा विचारच नव्हता. गायक ग्रॅहम नॅश आणि मॅक होल्बर्ट यांनी कॅलिफोर्नियात मॅनहॅटन बीचला १९९१ मध्ये त्याच यंत्रावर सुती कागदावर कलाकृती छापायला घेतल्या. तिथे काम करणाऱ्या जॅक डुगन यांनी या प्रतींना ज़ीक्ले हे फ्रेंच नाव दिलं. प्रती देखण्या होत्या, पण सुरुवातीच्या शाया काही वर्षांतच उडायला लागल्या. ते मूळ यंत्र आता स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे.

मग २००० साली घरगुती फोटो प्रिंटरच्या डाय प्रिंट्स काही घरांत आठवड्यांतच नारिंगी झाल्या. कागद छिद्रांचा होता, हवेतल्या ओझोनने निळा खाल्ला. तुमच्या समुद्राचं तेच झालं, फक्त सावकाश. त्याच वर्षी एपसनचा २०००पी हा पिगमेंटवाला टेबलावरचा प्रिंटर आला. टिकाऊ होता, पण प्रिंट दिव्याखाली ठीक आणि खिडकीपाशी हिरवट दिसायची. २००२ मध्ये सात रंगांचा संच आला, २००५ मध्ये तीन काळ्या-करड्यांचा, आणि तो दोष जवळजवळ गेला. "पिगमेंटचे रंग मेलेले" हे मत बहुधा त्या पहिल्या यंत्रांच्या काळातलं आहे.

आता फ्रेमबद्दल, कारण माझा रोजचा संबंध तिथेच येतो. संग्रहालयांत जलरंगांवर साधारण ५० लक्सच उजेड ठेवतात. खिडकीजवळच्या भिंतीवर दिवसा हजारो लक्स सहज असतो. म्हणून विकताना तोंडी नाही, लेखी सांगा: ऊन येणारी भिंत नको, गॅलरी नको, स्वयंपाकघर नको. काच प्रिंटला टेकता कामा नये, मध्ये आम्लरहित माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, हवाच, नाहीतर दमट हवेत प्रिंट काचेला चिकटते आणि सोडवताना सोलून निघते. मागे हार्डबोर्ड थेट लावू देऊ नका. आणि फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाच्या चकत्या चिकटवा. ओल धरणाऱ्या भिंतीपासून बोटभर हवा खेळती राहते.

पिंपळपान
१३ जून, सकाळी ७:३०

बुचाच्या चकत्या मी आजच लावतो.

ताई, ऐकीव माहितीवर मोठा खर्च करण्याआधी चाचणी करा. एकाच चित्राच्या पट्ट्या डायवर आणि पिगमेंटवर काढून घ्या. निम्मी पट्टी काळ्या जाड कागदाने झाका आणि पावसाळाभर ठेवा. मी पट्ट्या कुरिअरने पाठवतो डायच्या.

टाकदौत
१३ जून, सकाळी ८:१०

पिगमेंटच्या माझ्याकडून. चित्राची फाइल पाठवा.

कोकणरंग
१३ जून, रात्री ८:४५

काय बोलू! फाइल पाठवते. पट्ट्या तीन ठिकाणी ठेवीन: दक्षिणेच्या खिडकीला काचेच्या आतून, पडवीत उघड्यावर पण ऊन-पाऊस लागणार नाही अशा, आणि माळ्यावरच्या लाकडी पेटीत. गणपतीनंतर कळवते.

कोकणरंग
२ ऑक्टोबर, सायंकाळी ५:२०

उशीर झाला, माफ करा. आज सगळ्या पट्ट्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या आणि काळे कागद काढले. आई, मी आणि शेजारची दहावीतली मुलगी, तिघींनी बघितल्या.

खिडकीतली डाय: झाकलेल्या आणि उघड्या भागात सरळ रेघ दिसते, पट्टीने मारल्यासारखी. आभाळ फिकं, होडीचा लाल अर्धा. पिगमेंटच्या पट्टीत मला रेघ सापडली नाही. शेजारच्या मुलीला सापडली, पिवळ्या वाळूत, अगदी पुसट.

पडवीतली डाय: काकूंचाच समुद्र. चार महिनेही पूर्ण झाले नाहीत. झाकलेला भागही थोडा तांबूस आहे. काळा कागद उजेड अडवतो, हवा पूर्ण अडवत नाही, हे तेव्हा लक्षात आलं. पिगमेंट तशीच, पण तिच्या कागदावर बुरशीचे तीन ठिपके आले. शाईचं ठीक आहे, पण कोकणात कागदही सांभाळायचा आहे.

पेटीतल्या पट्टीने मला सगळ्यात जास्त शिकवलं. उजेड नाही, वारा नाही. डायच्या पट्टीवर माझी सही छापलेली होती, बारीक काळ्या रेषेत. भिंग लावलं तर रेषेच्या दोन्ही बाजूंना जांभळट धूर पसरलाय, आणि सहीतला "म" भरून आलाय. पिगमेंटच्या पट्टीवर तो "म" मोकळा आहे.

दहा शायांचं पिगमेंटचं यंत्र मागच्या आठवड्यात आलं, यूपीएससकट. टाकदौतदादांनी फोनवर तासभर बसून प्रोफाइल लावून दिलं. पहिली प्रिंट चिवल्याचीच काढली, जर्मन एचिंगवर, माउंट करून, मागे बुचाच्या चकत्या लावून डोंबिवलीला पाठवली. आता प्रत्येक प्रिंटच्या पाठीवर पेन्सिलने शाई, कागद आणि तारीख लिहिते.

जुन्या चाळीसपैकी एकतीस जणांचे नंबर माझ्या वहीत आहेत. रोज दोघा-तिघांना फोन करते आणि विचारते, चित्र कुठल्या भिंतीवर आहे. आतापर्यंत सतरा झाले.

नोझलचेक
२ ऑक्टोबर, रात्री ११:३०

ताई, यंत्र आठवडाभराचं झालं ना? आज एक रंगीत पान काढा. आणि बंद करताना बटणानेच.